धूर कुठून येतो

आमच्या फाटकावर पाटी आहे: ‘चुलीवरचं जेवण मिळेल.’ पाटी नवऱ्यानं रंगवून घेतली. त्या माणसानं आयुष्यात कधी चूल पेटवलेली नाही. चहा करायचा झाला तर तो गॅस लावतो, आणि गॅसही लागला नाही तर मला हाक मारतो. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढं मी त्याच्यावर चिडले की कोणी दचकायला नको.

वाघांच्या जंगलाच्या मोहर्ली गेटजवळच आमचं गाव. नवरा जिप्सी चालवतो. पहाटे पाहुण्यांना जंगलात नेतो, दुपारी परत आणतो, आणि मग त्यांना चुलीवरची भाकर, वांग्याची भाजी, झणझणीत रस्सा लागतो. घराच्या पुढच्या दोन खोल्या त्यानं पाहुण्यांसाठी केल्या. खाली टाइल्स, वर पीओपी, पलंगावर पांढऱ्या चादरी. मागं स्वयंपाकघर आणि त्याला लागून एक खोली. तिथं आम्ही. मागच्या भागावर अजून कवेलूच आहेत, मातीची कौलं, आणि मधली भिंत आढ्यापर्यंत जात नाही. चुलीचा धूर स्वयंपाकघरात मावला नाही की भिंतीवरून आमच्या अंथरुणात उतरतो. पाहुण्यांच्या खोलीत मात्र त्याचा कणही जात नाही. त्यांच्यासाठी धूर म्हणजे अंगणात उभं राहून फोटो काढायची वस्तू.

मी शाळेत पोरांची खिचडी शिजवते. सकाळी जाते, दुपार कलल्यावर येते. तोवर घरची चूल सासूबाईंच्या ताब्यात. तशी ती नेहमीच त्यांच्या ताब्यात असते. मी आयती भाकर थापायला बसते एवढंच.

ही चूल साधी नव्हे. मागं कुठल्याशा योजनेतून तालुक्याहून दोन माणसं आली आणि धुराड्याची चूल बसवून गेली. पुढं जाळ घालायचं तोंड, वर भांड्यांसाठी दोन भोकं, आणि मागच्या बाजूनं सिमेंटचा पाइप सरळ कवेलूंतून वर. बसवली तेव्हा मी शाळेत होते. सासूबाई शेतावर. घरात नवरा होता, म्हणून त्या माणसांनी सगळं त्याला समजावून सांगितलं. जो चुलीला हात लावत नाही त्याला. संध्याकाळी मी विचारलं, काय काय सांगितलं त्यांनी? तर म्हणाला, ‘सांगतलं काही तरी. साफ करत जा म्हणे.’ कुठून साफ करायचं, कसं, ते विचारलं तर म्हणाला, ‘चूल कशी साफ करतेत तुले माईत नाई का?’

पहिलं वर्ष चुलीनं सुख दिलं. खोटं का बोलू? धूर सरळ वर जायचा. भांडी काळी व्हायची ती फक्त बुडाला. सासूबाई सुद्धा, ज्यांना नवीन काही पटत नाही, त्या म्हणायच्या, बाई, चांगली हाय. मग हळूहळू धूर घरात थांबायला लागला. आधी फक्त पेटवताना, मग भाकरी होईपर्यंत, आणि गेल्या हिवाळ्यात तर चूल विझल्यावरही. सकाळी स्वयंपाकघराचं दार उघडलं की आंबट, जळकट वास अंगावर यायचा, ओला कोळसा कुजल्यासारखा. आणि पाइप जिथं कवेलूंतून बाहेर पडतो तिथल्या सांध्यातून काळं-तांबडं पाणी भिंतीवर ओघळायचं. पाकासारखं चिकट. बोटाला लागलं तर दोनदा साबण लावूनही वास जात नव्हता.

आणि त्याच हिवाळ्यात माझी लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली.

सातवा महिना. एकुलती एक पोर. दिवसा ती अंगणात आंब्याखाली बसायची, तोवर ठीक. पण आमच्याकडं दिवस मावळला की अंगणात कोणी बसत नाही. बिबट्यानं त्याच महिन्यात शेजारचं कुत्रं ओसरीतून उचललं होतं. म्हणजे संध्याकाळी आत यायचंच. आणि आत, नेमक्या त्याच वेळी, पाहुण्यांच्या जेवणासाठी चूल पेटलेली. पोर खोकायची, डोळे चोळायची, पदर नाकाला लावून भिंतीला टेकून बसायची. मी नवऱ्याला म्हटलं, पुढची एक खोली तिला द्या. तो म्हणाला, ‘सीझन हाय. बुकिंग झालेलं हाय.’ पोटची पोर धुरात आणि परक्यांना पीओपी. त्या दिवशी मी त्याला वाढलं, पण बोलले नाही.

एका संध्याकाळी ती दारातच भोवळ येऊन बसली. पडली नाही, चौकट धरली होती म्हणून. कोणी फोन केला मला ठाऊक नाही, पण दुसऱ्याच दिवशी जावई हजर. चिमूरला मोबाइलचं दुकान आहे त्याचं. शांत माणूस. चहा घेतला, भिंतीवरचे काळे ओघळ पाहिले, आणि मला म्हणाला, ‘मामीजी, राग नका मानू. मी येत्या रविवारी येतो. तोवर या धुराचं काही झालं नाई तं मी तिले घेऊन जातो.’

त्याचं चूक नव्हतं. तेच तर जास्त झोंबलं. चूक असतं तर मी भांडले असते.

पण तिच्या सासरी काय आहे ते मला ठाऊक आहे. माणसं वाईट नाहीत. पण भरलं घर, सोयाबीन निघून धान यायचं, आणि सून म्हणजे सून. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ते कशासाठी? चार दिवस कोणी उठवायला नको म्हणून. रात्री वेणी घालताना पोर म्हणाली, ‘आई, मले नको जाऊ देऊ वो. तिथी मी बसली का सगळे पाह्यतेत.’ एवढंच म्हणाली. मी तिच्या केसांना इतकं तेल लावलं की उशी खराब झाली.

तर रविवारपर्यंत धूर घालवायचा होता. आणि घरात सल्ले द्यायला माणसांची वाण नव्हती.

नवऱ्याचं निदान तयार होतं: ‘लाकडं ओली हाय.’ दारात उभा राहून, हातात मोबाइल, उंटावरून शेळ्या हाकल्यासारखं. पूर्वी आम्ही जंगलातून पडलेला धावडा, ऐन आणायचो. वाघानं पलीकडच्या गावातली बाई धरल्यापासून आत जायची कोणाची छाती होत नाही. आता आरा मशीनवरची छाट आणतो. ती ओली असते हे खरं. म्हणून मी सगळी छाट बाजूला सारली आणि तुऱ्हाट्या आणि गोठ्यातला जुना बांबू घातला, जो नुसता हातात घेतला तरी मोडत होता. जाळ फडफडून लागला. आणि धूर? तस्साच. चुलीच्या तोंडातून माझ्या तोंडावर. मी नवऱ्याला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, ‘मंग बांबूच ओला असन.’

शेजारणीला सांगितलं तर ती हसून म्हणाली, ‘घरोघरी मातीच्या चुली, बाई.’ तिची चूल मातीचीच आहे, तिला धुराडंच नाही, तिला धुराचं काय कौतुक? पण तिचा नवरा गवंडी. तो आला, शिडी लावली, आणि पाइपाचा ओघळणारा सांधा सिमेंटनं बुजवून टाकला. भिंत चुन्यानं पांढरी केली. मी म्हटलं, सुटले. दुसऱ्या दिवशी सांधा कोरडा होता, पण जेवढा धूर आधी वरून गळायचा तेवढा आता खालून, चुलीच्या तोंडातून यायला लागला. म्हणजे सांध्यातली गळती हा रोग नव्हताच. धुराला वर जायला वाट नव्हती, म्हणून तो मिळेल तिथून निघत होता. एवढं मला त्या दिवशी कळलं. गवंड्याला सांगितलं तर तो म्हणाला, आता चूलच फोडून पाहावी लागेल.

हे ऐकून सासूबाई आतून आल्या. सासूबाईंचं काय सांगू? या घरात अजून त्यांचाच शब्द चालतो. पहाटे सगळ्यांच्या आधी उठतात, आंघोळ करतात, आणि रोज, एक दिवस न चुकता, चूल सारवतात. शेण, पांढरी माती, वर पोतेऱ्याचा हात. आमच्याकडं बाई कशी आहे हे चूल बघून ठरवतात. चुलीला भेग दिसली तर बाई आळशी. सासूबाईंच्या चुलीला केसाएवढी भेग नसते. पाहुण्या बायका त्यावरून हात फिरवून बघतात. नवरा त्यांना मुद्दाम चुलीपाशी बसवतो आणि पाहुण्यांना सांगतो, ही माझी आई, अजून सगळं हिच्याच हातचं. मग फोटो.

तर सासूबाई दाराला धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘चूल नाई मोडाची.’

मी म्हटलं, ‘काऊन?’

‘पोर गरवार हाय. घरात गरवार बाई असताना चूल मोडत नाई. लेकराले खोट येते.’

गवंड्यानं लगेच थापी पिशवीत घातली. ‘असं असन तं मी हात नाई लावत बाप्पा,’ म्हणाला, आणि गेला. त्याचं पोरही लहान, त्याला कशाला विषाची परीक्षा?

मला इतका संताप आला की मी परसात जाऊन लाकडं फोडत बसले. जी पोर वाचावी म्हणून चूल मोडायची नाही, तीच पोर त्या चुलीच्या धुरात गुदमरत होती. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘आमीबी धुरातच बाळंत झालो.’ मी म्हटलं, ‘आन् किती लेकरं राह्यली?’ हे बोलायला नको होतं. त्यांची दोन गेलेली आहेत. पण बोलले, आणि त्या वेळी मला वाईटही वाटलं नाही.

मग नवऱ्यानं नवं काढलं. म्हणे वानरांनी पाइपावरची टोपी पाडली असेल, त्यामुळं वारा उलटा शिरतो. हे मात्र अगदीच खोटं नव्हतं. वानरं आमच्या कवेलूंवर रोज तमाशा करतात. तो वर चढला. टोपी खरोखर वाकडी होती. त्यानं ती सरळ केली, आणि वानरांनी पुन्हा हलवू नये म्हणून तारेनं ओढून पाइपाच्या तोंडावर गच्च बसवली. झाकणच म्हणा ना. संध्याकाळी चूल पेटवली आणि अर्ध्या घटकेत स्वयंपाकघरात माणूस दिसेना. पोर पलीकडच्या भिंतीआड खोकत होती आणि मी त्याला वर चढवून अंधारात ती तार सोडवायला लावली. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. शिडी मीच धरली होती. दोनदा वाटलं सोडावी.

सासूबाईंचा उपाय वेगळा. त्यांच्या मते दृष्ट लागली होती. चुलीला आणि पोरीलाही. शुक्रवारी त्यांनी मीठ-मिरच्या पोरीवरून उतरवल्या आणि जाळात टाकल्या. आमच्याकडं असं मानतात की दृष्ट असेल तर मिरचीचा ठसका येत नाही. ठसका? अहो, त्या चुलीतून बाहेर काही जातच नव्हतं, सगळ्या मिरच्या घरात परत आल्या. पोर, मी, नवरा, पुढच्या ओसरीवरचं मांजर, सगळे ठसकत अंगणात. सासूबाई तोंडाला पदर लावून म्हणाल्या, ‘चला, दृष्ट नाई.’ पोर खोकता खोकता हसली. मी नाही हसले. मला हसूही येईना.

त्याच गडबडीत पुढच्या खोलीतली पुण्याची पाहुणी बाहेर आली. तिला वाटलं रस्सा शिजतोय. डोळे मिटून तिनं दीर्घ श्वास घेतला, म्हणाली, ‘किती ऑथेंटिक वास आहे हो! घरी घेऊन जावासा वाटतो.’ न्या ना बाई, मनात म्हटलं, सगळा न्या. पोतं देते बांधून. तोंडानं म्हटलं, जेवायला उशीर होईल. नवऱ्यानं माझ्याकडं डोळे वटारले.

शनिवारी शाळा अर्धी. घरी आले तेव्हा नवरा जंगलात होता, पाहुणे त्याच्याबरोबर. घरात मी, पोर आणि सासूबाई. चूल थंड होती. मी ठरवलं, आज कोणाचं ऐकायचं नाही. शाळेतल्या मोठ्या चुलीला मी वर्षानुवर्षं सांभाळते, ती कधी अशी वागत नाही, मग ही का वागते?

देवाजवळची उदबत्ती घेतली, पेटवली आणि चुलीच्या तोंडाशी धरली. चूल धूर ओढत असेल तर उदबत्तीची रेघ आत वळायला पाहिजे. ती आत वळली नाही. सरळ वर गेली, माझ्या नाकाकडं. मग वरच्या दोन्ही भोकांवर धरली. तिथंही हालचाल नाही. पाइपातून वाराच खेळत नव्हता. वर वाट मोकळी होती, टोपी आता उंच बांधली होती. मग अडलं कुठं? स्टूलवर चढले आणि विळ्याच्या मुठीनं पाइप वरून खाली ठोकत आले. वर ठण ठण. मध्ये ठण ठण. आणि चुलीच्या लगत, पाइपाच्या बुडाशी, ठस. भरलेल्या पोत्यावर मारल्यासारखं. पुन्हा ठोकलं. ठस.

काजळी. वरून पडणारी सगळी काजळी बुडाशी साचून पाइप बंद झाला होता. पण मग ती काढायची कुठून? बुडाशी काही दार-भोक दिसेना. चूल आणि पाइप एकसारखे पांढरे, गुळगुळीत, सासूबाईंच्या हाताखालचे. मी सबल आणली, लोखंडी पहार.

सबलीचा आवाज जमिनीवर झाला आणि सासूबाई खोलीतून म्हणाल्या, ‘काय करून राह्यली?’

‘चूल मोडून राह्यली.’

‘नको. पोरीकडं पाह्य.’

‘पोरीकडं पाहूनच मोडून राह्यली,’ मी म्हटलं. पोर दारात उभी होती. तिला म्हटलं, तू अंगणात जा. ती गेली नाही. सासूबाई येऊन चुलीपुढं बसल्या, हात पसरून, जणू मी त्यांच्या अंगावरच घाव घालणार होते. मी त्यांना बाजूला केलं. सरळ खांद्याला धरून. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा.

पहिला घाव हळूच घातला. सारवणाचा पापुद्रा निघाला. त्याखाली दुसरा. त्याखाली आणखी. इतक्या पहाटांचं शेण आणि माती एकावर एक, भाकरीचे पदर सुटावेत तसे सुटत होते. आणि मग सबल कशावर तरी खणकली. विटेवर नाही, पत्र्यावर. मी सबल टाकली आणि बोटांनी माती उकरली. पाइपाच्या बुडाशी पत्र्याचं गोल झाकण होतं. त्याला धरायला वाकवलेली कडीही होती. साफ करायचं झाकण. ‘साफ करत जा म्हणे.’ हेच ते, जे त्या माणसांनी नवऱ्याला दाखवलं होतं, आणि हेच सासूबाईंनी भेग समजून, पहाटेमागून पहाट, लिंपत आणलं होतं. कडीसकट.

चूल मोडावी लागलीच नाही. एवढे दिवस घरात जी भीती घालून ठेवली होती तिची गरजच नव्हती. कडीला चिमटा अडकवून ओढला आणि झाकण निघालं, आणि त्यामागून काजळी नुसती घसरत आली, काळी, भुसभुशीत, मधेच चिकट ढेकळं. घमेलं भरलं. आणखी एक भरलं. हाताला, केसाला, लुगड्याला, सगळीकडं. बांबूला फडकं बांधून पाइप आतून खरवडला. झाकण लावलं, चूल पेटवली. धूर आत वळला. उदबत्तीसकट आत वळला, सरळ वर. स्वयंपाकघरात जाळाचा नुसता फुरफुर आवाज.

मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. त्या काळ्या हातांनी मी सासूबाईंकडं वळले आणि जे तोंडाला येईल ते बोलले. पत्रा आणि माती यातला फरक कळत नाही का? कडी हाताला लागली तरी लिंपून टाकली? आपली चूल पाहुण्यांना गुळगुळीत दिसावी म्हणून माझ्या लेकराला गुदमरवलं? तिला उद्या न्यायला येणार आहेत ते तुमच्यामुळं. पोर म्हणत होती, आई, पुरे. मी पुरे केलं नाही.

उघड्या पडलेल्या झाकणावर सासूबाईंनी तळहात ठेवला, कडी चाचपली, पुन्हा चाचपली. मग उठून खोलीत गेल्या. रात्री जेवल्या नाहीत. मीही आग्रह केला नाही.

रविवारी जावई आला तो थेट स्वयंपाकघरातच आला. चूल पेटलेली होती, मी मुद्दामच पेटवून ठेवली होती. तो पाटावर बसला, इकडं तिकडं पाहिलं, वास घेतला. पोर शेजारी बसलेली, न खोकता. नवरा नुकताच गेटवरून आला होता, खाकी शर्टातच. सासूबाई भिंतीला टेकून. जावई म्हणाला, ‘बरंच कमी झालं की.’

आणि नवरा म्हणाला, ‘मी तं पहिल्याच दिवशी सांगतलं होतं. लाकडं ओली होती.’

मी तोंड उघडलं. पण माझ्या आधी सासूबाई बोलल्या.

‘लाकडं वाळलीच होती. पाइपाचं झाकण मी लिपलं. माह्या हातानं. मले दिसलं नाई.’

‘एवढुसं झाकण आई, कोणालेबी नसतं दिसलं,’ नवरा म्हणाला. आईची बाजू घ्यायला तो नेहमी तयार असतो, त्यात कष्ट नसतात.

‘झाकणाचं नाई बोलून राह्यली मी. मले काहीच नाई दिसत. जवाई कुठी बसले तेबी आवाजावून समजते.’

चुलीतला बांबू फुटल्याचा आवाज झाला. मी त्यांच्या डोळ्यांकडं पाहिलं. खरंच पाहिलं. दोन्हींवर दुधाळ साय धरलेली होती. आयुष्यभर त्या डोळ्यांत धूरच गेला होता, धुराड्याच्या आधीच्या सगळ्या चुलींचा.

गवतात वाघाचा कान हलला तर जिप्सीत उभा राहून बोट दाखवणारा माझा नवरा. पाहुणे त्याच्या नजरेचं कौतुक करतात. ‘कवापासून?’ त्यानं विचारलं.

‘होऊन राह्यलं हळूहळू.’

‘मंग सांगतलं काऊन नाई?’

‘सांगून काय केलं असतं तुनं? चुलीपुढून उठवून खाटेवर बसवलं असतं. मंग मी काय करू दिवसभर? आन् तुह्या पाहुण्यायले दाखवाले तुले चुलीपाशी बसलेली आई पाह्यजे होती. मी बसली.’

मग त्या माझ्याकडं वळल्या, म्हणजे मी जिथं बोलले होते त्या बाजूला वळल्या. ‘तू काल वरडली, बरोबर वरडली. पोरगी खोकलत होती ते मी ऐकत होती. मले वाटे सर्दी हाय. धूर तं मले जन्मापासून लागतो, तो घरात किती हाय ते मले समजतच नाई. तिचं पोट केवढं झालं तेबी मी पाह्यलं नाई अजून. कोणी मले दाखवलं नाई, आन् मी मांगतलं नाई.’

जावयानं मान खाली घातली. म्हणाला, ‘तिले राहू द्या इथीच, मामीजी. मी येत जाईन.’ ज्यासाठी मी आठवडाभर जिवाचा आटापिटा केला ते झालं होतं आणि मला त्याचं काही वाटलं नाही. माझा राग अजून पोटात तसाच होता, फक्त तो ज्या बाईवर काढला होता ती ते सगळं न बोलता ऐकून उपाशी झोपली होती. आता तो मी तिच्यावर ठेवू शकत नव्हते आणि टाकूनही देऊ शकत नव्हते.

पोर उठली. एका हातानं कंबर धरत सासूबाईंपुढं जाऊन बसली, त्यांचा हात घेतला आणि आपल्या पोटावर ठेवला. सासूबाईंनी आधी नुसता ठेवू दिला. मग दुसराही हात लावला, आणि कडेपासून कडेपर्यंत, वर, खाली, सावकाश फिरवत गेल्या. एका जागी थांबल्या.

‘हे काय हाय?’

‘पाय असन आजी. लाथा मारते.’

‘मारते,’ सासूबाई म्हणाल्या. हात तिथंच ठेवला.

नवऱ्याचा फोन वाजला. बाहेर फाटकाशी नवे पाहुणे उतरले होते, गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. तो उठला, शर्ट नीट केला, माझ्याकडं न बघता दाराकडं निघाला.

‘उद्या आईले चंद्रपूरले न्याचं, डोळ्याच्या दवाखान्यात,’ मी म्हटलं. ‘जिप्सी नाई जात उद्या.’

‘पाहू,’ तो म्हणाला. फोन वाजतच होता.

‘वाजू द्या तो. बसा इथी.’

‘अवो, पाहुणे...’

‘बसा. आन् पाह्या.’

तो बसला.